५४ चौकोनांचं लोकरी पांघरूण: पहिल्यांदाच विणणाऱ्यांसाठी

माझं पहिलं मोठं पांघरूण मी गोल सुईवर सलग विणायला घेतलं होतं. २६४ टाके घातले आणि सरळ वर विणत निघाले. दीड हात होईपर्यंत छान चाललं. मग होळी झाली, ऊन तापायला लागलं, आणि किलोभर लोकर मांडीवर पसरून बसणं अशक्य झालं. ते काम ट्रंकेत गेलं, दिवाळीनंतर बाहेर आलं, आणि तेव्हा दिसलं की चाळीस सुया, म्हणजे विणीच्या चाळीस ओळी खाली एक टाका सुटलेला आहे. चाळीस सुया म्हणजे दहा हजारांहून जास्त टाके. ते उसवताना मला खरंच रडू आलं.

आत्याने ते बघितलं आणि म्हणाली, "अगं, आपल्याकडच्या हवेत पांघरूण तुकड्यांनीच करायचं असतं." तिने मला कोपऱ्यातून सुरू होणारा चौकोन शिकवला. तोच तुम्हाला शिकवते आहे. हा चौकोन तळहाताएवढा असल्यापासून पूर्ण होईपर्यंत कधीच जड होत नाही, पिशवीत मावतो, लोकलमध्ये किंवा दवाखान्याच्या बाकावर विणता येतो. आणि चूक झालीच तर जास्तीत जास्त एका चौकोनाची होते.

यासाठी फक्त सुलट टाका यायला हवा. उलट टाका आला नाही तरी चालेल.

आधी हिशेब

एका माणसाला अंगभर पुरेल असं पांघरूण म्हणजे ५ फूट रुंद आणि साडेसात फूट लांब. १० इंचांचा चौकोन धरला तर आडवे ६ आणि उभे ९, म्हणजे ५४ चौकोन. मध्यम जाडीच्या लोकरीत माझा एक चौकोन ४२ ग्रॅम भरतो. ५४ चौकोनांचे झाले २२६८ ग्रॅम. शिवण आणि काठ यांना आणखी ३०० ग्रॅम धरा. एकूण अडीच किलोच्या थोडं वर.

हे माझ्या हाताचं माप झालं. तुमचा हात घट्ट किंवा सैल असेल तर आकडा बदलेल. म्हणून आधी १०० ग्रॅम लोकर आणा, एक पूर्ण चौकोन विणा, तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि आलेल्या वजनाला ५४ ने गुणा. दुकानदार अंदाजाने सांगतो त्या आकड्यावर विसंबू नका.

वेळेचाही हिशेब करून ठेवा. एका चौकोनात साधारण ३८०० टाके बसतात. नव्या हाताला मिनिटाला सोळा टाके धरले तर चार तास लागतील. रोज एक तास बसलात तर ५४ चौकोनांना सात महिने. गुढीपाडव्याला पहिला टाका घातला तर दिवाळीपर्यंत चौकोन होतात, आणि थंडी पडेपर्यंत जोडून पांघरूण हातात येतं. हात बसल्यावर वेग वाढतोच, पण सुरुवातीला हाच हिशेब धरा. दोन महिन्यांत होईल असं मनात धरून बसणारे मध्येच सोडून देतात, असं मी खूप पाहिलं आहे.

लोकर

आपल्याकडच्या दुकानात "लोकर" म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं ॲक्रिलिक असतं. त्यात वाईट काही नाही, पण काय घेतो आहोत ते माहीत असावं. लेबल नसेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून मोरीत जाळून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याची काळी, टणक गोळी होते. गरम असताना तिला हात लावू नका.

मुंबईत किंवा कोकणात राहत असाल, घरात लहान मूल असेल, वारंवार धुवायचं असेल, तर ॲक्रिलिक घ्या. नाशिक-निफाडकडच्या थंडीसाठी लोकर आणि ॲक्रिलिकचं मिश्रण चांगलं. अस्सल लोकर ऊबेला सगळ्यात सरस, पण ती महाग असते, तिला कसर लागते आणि तिची धुलाई जपून करावी लागते. पहिल्याच पांघरुणाला ती घेऊ नका असं मी सांगेन.

आणि घोंगडीची लोकर? हा प्रश्न मला नेहमी विचारतात, कारण मराठीत मागावर होतं तेही विणणं आणि सुयांवर होतं तेही विणणंच. घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, मागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ लावून ताठ केलेली असते. पाऊस, वारा, रानातली रात्र यांसाठी तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण तिचं सूत सुयांवर खेळवायला फार खरखरीत असतं. दोन्ही कामं वेगळी, दोन्हींचा मान वेगळा.

लोकर घेताना लेबलवर शेड नंबरबरोबर लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर असतो, तो प्रत्येक गुंड्यावर तपासा. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये किंचित फरक असतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही, घरी खिडकीपाशी लगेच दिसतो. मी एकदा राखाडी रंगाचे चार गुंडे नंतर आणले, ते निळसर निघाले आणि नऊ चौकोन बाजूला ठेवावे लागले. म्हणून सगळी लोकर एकदम घ्या. तीन रंगांत करायचं तर प्रत्येक रंगाचे १८ चौकोन येतात. दोन रंग ८०० ग्रॅम आणि ज्या रंगाने जोडणार व काठ करणार तो ११०० ग्रॅम, एवढं पुरतं. आणि ही खरेदी थंडी असतानाच उरका, उन्हाळ्यात दुकानात बहुधा उरलेसुरले रंग असतात.

लोकर लडीत मिळाली तर लडी खुर्चीच्या पाठीला अडकवून गुंडा करा. गुंडाळताना तीन बोटं आत ठेवा, वीसेक वेढे झाले की बोटं काढून घ्या आणि दिशा बदला. असा गुंडा मऊ राहतो. ताणून घट्ट गुंडाळलेली लोकर विणताना सरळ वाटते आणि धुतल्यावर आकसते, मग चौकोनांची मापं बिघडतात.

सुया

५ मिलिमीटरच्या घ्या. नंबर मात्र समजून घ्या, कारण इथे नवीन माणूस हमखास फसतो. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ५ मिलिमीटरची सुई म्हणजे आपला ६ नंबर, ४ मिलिमीटरची म्हणजे ८ नंबर. अमेरिकन पद्धत नेमकी उलटी आहे. तिथे ५ मिलिमीटरला ८ नंबर म्हणतात आणि ४ मिलिमीटरला ६. व्हिडिओ बघून "आठ नंबर द्या" म्हणालात तर भलतीच सुई घरी येईल. नेहमी मिलिमीटर सांगा.

हाताला घाम येत असेल तर बांबूच्या सुया बऱ्या, टाके त्यावरून निसटत नाहीत. घट्ट विणणाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या घ्याव्यात. लोकर फार बारीक असेल तर दोन पदर एकत्र धरून विणा. याशिवाय हवी बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई, मोजपट्टी, कात्री, थोड्या सेफ्टी पिना आणि जाड कागदाचा १० इंची चौकोन. तो कागद शेवटपर्यंत जपून ठेवा.

सुलट टाका

टाके असलेली सुई डाव्या हातात, रिकामी उजव्या हातात, लोकर मागच्या बाजूला. उजव्या सुईचं टोक डाव्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात समोरून मागे घाला, म्हणजे दोन सुयांची फुली होईल आणि उजवी सुई खाली-मागे असेल. मागची लोकर उजव्या सुईच्या टोकाभोवती डावीकडून वेढून दोन सुयांच्या मधून पुढे आणा. तो वेढा उजव्या सुईच्या टोकाने टाक्यातून बाहेर ओढा. जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्या. आत्या म्हणायची: आत, वेढा, बाहेर, सोड. पहिले दोन-तीन दिवस हे चार शब्द तोंडाने म्हणतच विणा. हाताला लय लागते, आणि लय लागली की टाके सारखे येऊ लागतात.

वेढा घेताना सुईच्या टोकावर घेऊ नका. टोक निमुळतं असतं, तिथे घेतलेला टाका लहान होतो आणि पुढच्या वेळी त्यात सुई शिरत नाही. वेढा सुईच्या जाड भागावर बसला पाहिजे. नव्या हाताचं विणकाम घट्ट होतं ते बहुतेक वेळा याच कारणाने.

चौकोन

१. सरकगाठ करून सुईवर चढवा, हा पहिला टाका. अंगठ्यावर लोकरीचा फास घेऊन तो सुईवर सरकवा, असे आणखी ३ टाके घाला. एकूण ४.

२. पहिली सुई: चारही टाके सुलट.

३. वाढीची सुई: २ टाके सुलट, मग जाळी, मग उरलेले सगळे सुलट. जाळी म्हणजे लोकर दोन सुयांच्या मधून पुढे आणायची आणि पुढचा टाका विणताना ती उजव्या सुईवरून मागे न्यायची. सुईवर एक जास्तीचा वेढा बसतो आणि त्या जागी छोटं भोक राहतं. प्रत्येक सुईला एक टाका वाढतो. हीच सुई पुन्हा पुन्हा विणत राहा.

४. विणकामाचा त्रिकोण होत जाईल. त्याची बाजूची तिरकी कड (सुईवरची नव्हे) कागदी चौकोनाच्या बाजूइतकी, म्हणजे १० इंच झाली की थांबा आणि टाके मोजा. माझे ६२ येतात. तुमचे ५८ येतील किंवा ६६. जो आकडा येईल तो वहीत लिहा. पुढचे सगळे चौकोन त्याच आकड्यावर वळवायचे, पुन्हा मोजपट्टी लावायची गरज नाही.

५. घटीची सुई: १ सुलट, २ टाक्यांचा १ (दोन टाक्यांत एकदम सुई घालून एकच सुलट टाका विणायचा), जाळी, पुन्हा २ टाक्यांचा १, उरलेले सुलट. प्रत्येक सुईला एक टाका कमी होतो. ४ टाके उरेपर्यंत असंच.

६. बंद करताना २ टाके सुलट विणा, पहिला टाका दुसऱ्यावरून उचलून पलीकडे टाका, पुढचा एक विणा, पुन्हा तेच. शेवटी एक टाका उरला की वीतभर लोकर सोडून कापा आणि टोक त्यातून ओढून घ्या.

चारही कडांना एकसारखी भोकं दिसली पाहिजेत. पुढे जोडताना हीच उपयोगी पडतात.

चौकोन संपला की टोकं त्याच दिवशी बोथट सुईने लपवा. टाक्यांच्या रेघेतून दोन इंच एका दिशेला आणि इंचभर उलट दिशेला नेली की निसटत नाहीत. एका चौकोनाला निदान दोन टोकं, म्हणजे ५४ चौकोनांची १०८ टोकं होतात, एक जपमाळ. रोजची रोज लपवली तर पाच मिनिटांचं काम आहे. शेवटी एकदम करू म्हणून ठेवलेलं मला तरी कधी धड झालेलं आठवत नाही.

मध्येच गुंडा संपला तर नवी लोकर सुईच्या सुरुवातीला जोडा, मध्यावर गाठ मारू नका. गाठ अंगाला टोचते आणि कधीतरी उलट्या बाजूने डोकं वर काढते. जुन्या लोकरीची लांबी विणकामाच्या रुंदीच्या चौपटीपेक्षा कमी उरली असेल तर ती सुई पुरी होणार नाही असं समजा.

हमखास होणाऱ्या चुका

टाके विनाकारण वाढतात. सुई सुरू करताना लोकर वरून मागे ओढली की पहिला टाका वर उचलला जातो आणि त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात. नवा माणूस दोन्ही विणतो आणि एक टाका वाढतो. सुई सुरू करण्याआधी लोकर खाली ओढून घ्या, मग पहिला टाका बघा.

जाळी विसरते. कडेचं भोक दिसलं नाही की ओळखावं. दोन-तीन सुयांच्या आत लक्षात आलं तर उसवून पुन्हा विणा. उसवताना सुई काढून भराभर ओढू नका. एकेक टाका मागे घेत चला: डाव्या सुईचं टोक खालच्या टाक्यात घालायचं, वरचा सोडायचा.

सुटलेला टाका दिसला तर आधी त्यात सेफ्टी पिन अडकवा. तो आणखी खाली पळायचा थांबतो. मग शांतपणे तिथपर्यंत उसवा. अर्धा चौकोन गेला तरी एका संध्याकाळचं काम गेलं, दीड महिन्याचं नाही.

काम मध्येच ठेवताना सुईच्या मधोमध थांबू नका, ती सुई पूर्ण करा. नाहीतर परत घेतल्यावर कुठल्या दिशेला जात होतो तेच कळत नाही.

मान आणि मनगट दुखायला लागलं की बंद करा. अर्ध्या तासाने उठून हात झटकायचे, खांदे फिरवायचे. कोपर टेकायला उशी घेतली तर मनगटावरचा भार कमी होतो.

जोडणं

५४ झाले की प्रत्येक चौकोन कागदावर ठेवून बघा. अर्ध्या इंचाचा फरक चालतो. त्याहून लहान भरला तर ओला करून, टॉवेलमध्ये दाबून, गादीवर पिना लावून कागदाच्या मापाला ताणा आणि वाळू द्या. हे लोकरीला जमतं. ॲक्रिलिकवर ओलं फडकं धरून त्यावर इस्त्रीची वाफ वरूनच द्या, इस्त्री टेकवायची नाही. टेकली की ॲक्रिलिक चपटं आणि लुळं पडतं, पुन्हा पूर्ववत होत नाही.

मग सगळे फरशीवर मांडा. आडवे ६, उभे ९. विणीची तिरकी रेघ आलटून पालटून ठेवली तर चार चौकोन मिळून शंकरपाळ्यासारखा आकार उठतो, मला तो फार आवडतो. शिवाय सगळ्या तिरक्या रेघा एकाच बाजूला ठेवल्या तर पांघरूण वापरून त्या बाजूला ओढलं जातं, आलटून पालटून ठेवल्यावर तसं होत नाही. सुरुवातीचे पाच-सहा चौकोन थोडे ओबडधोबड असतील, ते पायथ्याशी घ्या. मांडणी मनासारखी झाली की फोनने फोटो काढा आणि प्रत्येक ओळीच्या पहिल्या चौकोनाला नंबराची चिठ्ठी पिनेने लावा.

दोन चौकोन शेजारी शेजारी, सुलट्या बाजूने वर ठेवा. बोथट सुईत हातभर लोकर ओवा. डाव्या चौकोनाच्या कडेची गाठ (विणीचा छोटा उंचवटा), उजव्याची गाठ, पुन्हा डाव्याची, असे टाके घेत चला. पाच-सहा टाक्यांनी लोकर हलकेच ओढा, कडा एकमेकींना भिडतील. भिडल्या की थांबा. आणखी ओढलं तर शिवण आखडते आणि पांघरूण तिथे गोळा होतं. भोकं समोरासमोर येत आहेत का हे बघत राहा. आधी सहा-सहाच्या नऊ पट्ट्या जोडा, मग पट्ट्या एकमेकींना. चार कोपरे जिथे भेटतात तिथे एक जास्तीचा टाका घ्या, ताण तिथेच पडतो.

काठासाठी क्रोशे येत असेल तर भोकाभोकातून साध्या खांबांची एक फेरी घ्या आणि कोपऱ्याच्या भोकात तीन खांब घाला, म्हणजे कोपरा आखडणार नाही. क्रोशे येत नसेल तर दुहेरी लोकरीने सगळीकडून काजटाका घाला. साध्या काजटाक्याचा काठही नेटका दिसतो.

धुणं आणि ठेवणं

रिठे रात्री भिजत घाला, सकाळी चोळून पाणी गाळून घ्या. थंड पाण्यात ते मिसळून पांघरूण अर्धा तास बुडवून ठेवा आणि हाताने नुसतं दाबा. अस्सल लोकर गरम पाण्यात चोळली की तिचे तंतू एकमेकांत अडकून जाड नमदा होतो, पांघरूण निम्म्यावर येतं आणि पुन्हा सैल होत नाही. ॲक्रिलिकला एवढी भीती नाही, पण तेही पिळायचं नाही.

भिजलेलं पांघरूण भयंकर जड होतं. उचलायला दोन माणसं लागतात आणि खालून दोन्ही हातांचा आधार द्यावा लागतो, कोपरा धरून उचललं तर शिवणी ताणतात. दोरीवर टाकू नका, स्वतःच्याच वजनाने लांबेल. गच्चीवर सावलीत जुनी साडी पसरून तिच्यावर आडवं वाळत घाला, दुपारी एकदा पालटा. पूर्ण वाळल्याशिवाय घडी करू नका. आत अस्सल लोकर असेल तर सुती कापडात गुंडाळून, वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासह ट्रंकेत ठेवा, आणि पावसाळा संपला की एकदा बाहेर काढून, झटकून, उन्हं दाखवून परत ठेवा.